सोमवारची कुपी

जनावरांच्या त्या दवाखान्यात एकाच घरातल्या दोन जावा कामाला होत्या, त्यामुळे त्यांना नावानं हाक मारायचे कष्ट कुणी घेत नसे. एक थोरली, एक धाकटी. थोरलीला तिथं बावीस वर्षं झाली होती, धाकटीला चार. या चार वर्षांत धाकटीवरून थोरलीच्या पोटात दुखलं नाही असा दिवस शोधायचा तर रविवारच शोधावा लागला असता. पण रविवारी दोघी घरी एकाच ओट्यापाशी असत, म्हणजे तोही गेला.

बरं, तक्रार करायची कुणाकडे? धाकटीला तिथं चिकटवली होती थोरलीनंच. दिराची नोकरी गेली, धाकटी तोंड पाडून घरात बसायला लागली, तेव्हा थोरलीनं मामांपुढे शब्द टाकला. मामा म्हणजे निर्जंतुकीकरणाच्या खोलीचे प्रमुख. ते खऱ्या अर्थानं कुणाचेच मामा नव्हते, पण सगळे तसंच म्हणत. "माझी जाऊ आहे. हाताला वळण नाही, पण मी लावीन," असं थोरली तेव्हा म्हणाली होती. तिनं वळण लावलंही. तिचं चुकलं एवढंच, की फार चांगलं लावलं.

खोलीचे दोन भाग होते, ओला आणि कोरडा, आणि मध्ये काचेची सरकती खिडकी. ऑपरेशन झालं की रक्तानं माखलेल्या कात्र्या आणि चिमटे ओल्या भागात येत. आधी गार पाणी, कारण गरम पाण्यानं रक्त शिजतं आणि सांध्यात घट्ट बसतं. मग साबणाचं पाणी, ब्रश, एकेक सांधा उघडून घासणं. हे टाळून कुणी थेट वाफेवर ठेवलंच, तर मामांच्या भाषेत "उत्तम उकडलेली घाण" तयार होते. धुतलेली हत्यारं खिडकीतून कोरड्या भागात जात. तिथं ती दिव्याखाली भिंगातून तपासायची, दुहेरी कापडात बांधायची, वर टेप लावायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये रचायची. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेचं भलंमोठं यंत्र, अंग चोरून बसला तर माणूस आत मावेल एवढं.

ज्यानं पॅक बांधला त्यानं टेपवर पेन्सिलीनं आपली खूण करायची, अशी तिथली पद्धत. पुढे काही निघालं तर कुणाचा कान धरायचा ते कळावं म्हणून. थोरलीची खूण फुली. धाकटीनं गोल घेतला.

एके दिवशी थोरली पॅकची ट्रॉली घेऊन ऑपरेशनच्या खोलीत गेली. डॉक्टरबाई धुतलेले हात वर धरून उभ्या होत्या. त्यांनी ट्रॉलीवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "फुलीचा नको, गोलाचा उघडा. त्यात सगळं बरोबर हाताशी लागतं."

फुली कुणाची, हे त्यांच्या गावीही नसावं. थोरलीनं गोलाचा पॅक उघडून दिला आणि खोलीत परत येऊन उगाचच कोपरापर्यंत हात धुतले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"काय झालं ताई?" धाकटीनं विचारलं.

"काही नाही. साबण गेला डोळ्यात."

तेव्हापासून ती ट्रॉलीवरचे गोल मोजायला लागली. घरी तरी सुटका असावी? तिथं सासूबाई धुतलेल्या चादरी हातात घेऊन म्हणत, "धाकटीनं घातलेली घडी बघा, एक कोपरा बाहेर नाही." ती घडी दवाखान्यातली होती, आणि दवाखान्यात ती शिकवली कुणी, हे विचारायचं सासूबाईंच्या मनातही येत नसे. थोरली ओठ मिटून भांडी घासायची. भांडी मात्र लख्ख निघायची.

अशात मामांची निवृत्ती आली. महिनाअखेरीला ते खोलीच्या किल्ल्या कुणाच्या तरी हातात देणार होते, आणि बावीस वर्षांचा हिशेब साधा होता. पण एका दुपारी चहाचे कप उचलताना थोरलीच्या कानावर डॉक्टरबाईंचं बोलणं पडलं. "थोरल्या मावशींचे हात चांगले आहेत हो मामा. पण नवं काही आलं की त्या तोंड फिरवतात. धाकटीला द्या खोली."

नवं काही आलं की! थोरलीला नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं, कारण ते खरं होतं. दोनच महिन्यांपूर्वी तपासणीच्या नव्या कुप्या आल्या, तेव्हा मामांनी सोबतचं माहितीपत्रक धाकटीच्या हातात दिलं. ती सगळ्यांसमोर ठणठणीत आवाजात वाचायला लागली. थोरली चार ओळी ऐकून बादली घेऊन निघून गेली. जिला कात्री कशी धरायची ते आपण दाखवलं, तिच्याकडून धडा ऐकायचा म्हणजे फारच झालं.

या कुप्यांवरच पुढचं सगळं घडलं, म्हणून त्या नीट सांगायला हव्यात. बोटाच्या पेराएवढी कुपी, आत जांभळं पाणी, आणि त्या पाण्याशेजारी वाफेलाही सहज दाद न देणारे जंतू. रोग न करणारे, पण चिवट. दर सोमवारी एक कुपी पॅकच्या मधोमध ठेवून यंत्रातून काढायची. दुसरी बाहेरच ठेवायची. मग दोन्ही दाबून फोडायच्या आणि उबेच्या पेटीत रात्रभर ठेवायच्या. सकाळी बाहेरची पिवळी झालेली हवी, म्हणजे जंतू जिवंत होते हे कळतं. यंत्रातली जांभळीच राहिलेली हवी, म्हणजे वाफेनं ते मारले. तीही पिवळी झाली तर यंत्रातून निघालेला एकूण एक पॅक परत, ऑपरेशनं बंद. गेल्या वर्षी जखमा चिघळल्याच्या तक्रारी आल्यापासून डॉक्टरबाईंचा नियमच होता, की जांभळी कुपी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सोमवारचा पॅक टेबलावर यायचा नाही.

त्या आठवड्यात यंत्राच्या दाराचं रबर नवं बसवलं होतं. आधीचे पॅक शनिवारीच संपले होते. सोमवारी सगळं धाकटीनं रचलं, कुपी मधोमध ठेवली, तिच्यावर आपल्या हातानं तारखेचा आकडा लिहिला. चार वाजता दोन्ही कुप्या उबेच्या पेटीत गेल्या. साडेचारला धाकटी मुलीला शाळेतून आणायला गेली, मामा चहाला गेले, आणि खोलीत थोरली एकटी उरली.

तिनं कपाटातून एक कोरी कुपी घेतली. यंत्राचं तोंडही न पाहिलेली. धाकटी सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ मारते, तशी रेघ मारून आकडा लिहिला. कुपी दाबली, पेटीत ठेवली, आणि तिथली खरी कुपी उचलून मुठीत घेतली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही. सकाळी ही पिवळी होणार, सगळे म्हणणार धाकटीनं यंत्र नीट भरलं नाही, आणि किल्ल्या जायच्या तिथं जाणार.

आता खरी कुपी टाकून द्यायची, झालं. पण थोरलीचा हात कचऱ्याच्या डब्यावर जाऊन थांबला. नवं रबर. खरंच वाफ निसटली असेल तर? बावीस वर्षांत तिनं एकही कुपी निकाल न बघता फेकली नव्हती. लबाडी करणं तिला जमलं, पण अर्धवट तपासणी काही जमेना. अडगळीच्या खोलीत उबेची जुनी पेटी होती, नवी आल्यावर टाकून दिलेली. थोरलीनं तिची वायर जोडली, कुपी आत ठेवली आणि वर जुनं फडकं टाकलं. मनाच्या एका कोपऱ्यात अशीही आशा होती, की ही खरीखुरी कुपीच सकाळी पिवळी निघावी. मग लबाडी झालीच नाही असं म्हणता आलं असतं.

मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिनं फडकं उचललं. जांभळी. स्वच्छ, टवटवीत जांभळी. "मेली इथंही पास," थोरली पुटपुटली आणि फडकं परत टाकलं.

आठ वाजता मामांनी नवी पेटी उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. "दोन्ही पिवळ्या. धाकटे, काय केलंस हे?"

पॅकच्या कपाटावर लाल पाटी लागली. डॉक्टरबाईंनी दिवसाची यादी रद्द केली. थोरली सिंकपाशी पाठ करून उभी होती, कारण तिला हसू येईल अशी भीती वाटत होती. धाकटीनं पिवळी कुपी उचलून खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ फिरवून बघितली, आणि मग वळून थोरलीकडे बघितलं. रागानं नव्हे. नुसतंच बघितलं. थोरलीला त्या बघण्याचा अर्थ लागला नाही, पण हसू मात्र गेलं.

दहाच्या सुमारास बेकरीवाला आपली आखूड नाकाची कुत्री दोन्ही हातांवर घेऊन धावत आला. पहाटेपासून कळा देत होती आणि पिल्लू अडलं होतं. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि तडक निर्जंतुकीकरणाच्या खोलीत आल्या.

"पोट उघडावं लागणार. काय आहे तुमच्याकडे?"

"सोमवारचे बारा पॅक आहेत, पण लाल पाटीखाली," मामा म्हणाले. "माणसांच्या दवाखान्यातून मागवतो. दीड तास लागेल."

"तिच्याकडे अर्धा तास नाही. कात्र्या-चिमटे उकळा. कापडं तर तशीच घ्यावी लागणार. जगली तर पू होईल, दुसरं काय." डॉक्टरबाई धाकटीकडे वळल्या. "हे झालं कसं, मला एवढं सांग."

धाकटीनं एप्रनला हात पुसले. "माझंच चुकलं मॅडम. कुपी यंत्रात ठेवायचीच राहिली. ही बघा ना, लेबलावरची पट्टी गुलाबीच आहे. वाफ लागली असती तर तपकिरी झाली असती. पॅक चांगलेही असतील, पण मला खात्रीनं नाही सांगता येणार."

थोरलीनं कुपीकडे बघितलं. पट्टी! जुन्या कुप्यांना पट्टी नव्हती. त्या दिवशी बादली घेऊन निघून गेली नसती तर तिनंही ऐकलं असतं. आणि धाकटीला सकाळपासून कळलेलं होतं. स्वतःच्या हातानं मधोमध ठेवलेली कुपी ही नव्हे, हे तिच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार?

"म्हणजे तपासणी झालीच नाही!" डॉक्टरबाई कडाडल्या. "आणि हिला खोली द्या म्हणत होते मी. मामा, किल्ल्या थोरल्या मावशींना द्या. निदान त्या विसरत तरी नाहीत."

झालं. चार वर्षं जे हवं होतं ते सगळ्यांदेखत पदरात पडलं. धाकटीनं मान खाली घातली आणि उकळायला पाणी ठेवायला वळली.

थोरलीला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. ही बाई आता आयुष्यभर काही बोलणार नाही, हे तिला लख्ख कळलं. घरी सांगणार नाही, दिराला सांगणार नाही, भांडणातसुद्धा तोंडातून काढणार नाही. रोज सकाळी ओट्यापाशी शेजारी उभी राहून "ताई, चहा टाकू?" म्हणेल, आणि आपण तो चहा पीत राहायचा. पॅक चांगले, घडी चांगली, कुपी पास, आणि आता चांगुलपणातही हिनंच पहिला नंबर मारायचा? कुत्रीचं कण्हणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं आणि ते थोरलीला बोचत नव्हतं असं नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या मनात सगळ्यात पुढे होतं ते हे, की या बाईच्या उपकाराखाली आपण एक दिवसही काढणार नाही.

"थांबा," ती म्हणाली. "ती खोटं बोलतेय."

ती अडगळीच्या खोलीत गेली आणि कुपी घेऊन आली. डॉक्टरबाईंच्या हातावर ठेवली. पाणी जांभळं, पट्टी तपकिरी, आकडा धाकटीच्या अक्षरात, सातला आडवी रेघ.

"ही कालची खरी कुपी. रात्रभर जुन्या पेटीत होती, उबेचा काटा मी बघितलाय. पेटीतली पिवळी मी बदलून ठेवली. पॅक चांगले आहेत. वापरा."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. डॉक्टरबाईंनी कुपी उजेडात धरली, मग थोरलीकडे बघितलं.

"का केलंत?"

"जळले तिच्यावर," थोरली म्हणाली. "दुसरं काही नाही."

डॉक्टरबाईंनी कुपी टेबलावर ठेवली. मग मामांना म्हणाल्या, "पाटी काढा. दोन पॅक आत पाठवा." दारात थांबून, न वळताच त्यांनी पुढचं सांगितलं. "मावशी, याचा कागद वर जाईल. तोवर तुम्ही ओल्या भागात. खिडकीच्या अलीकडे पाय ठेवायचा नाही."

ओला भाग म्हणजे नवं माणूस आलं की पहिले सहा महिने जिथं उभं करतात ती जागा. चार वर्षांपूर्वी थोरलीनं धाकटीला तिथंच उभी केली होती. थोरलीनं रबराचे हातमोजे चढवले आणि सिंकपाशी गेली.

पाऊण तासानं पलीकडून चिरके आवाज यायला लागले. एक, मग दोन, मग मोजता येईनात. बेकरीवाला व्हरांड्यात कुणाला तरी फोनवर ओरडून सांगत होता, "चार! चार! हो, आईपण ठीक आहे!" पिठानं पांढरा झालेला त्याचा हात काचेतून हलताना दिसला. थोड्या वेळानं गोलाच्या पॅकमधली हत्यारं रक्तानं माखून तिच्यासमोर आली. तिनं गार पाण्याचा नळ सोडला.

तिनं ती अशी घासली की बावीस वर्षांत घासली नसतील. प्रत्येक सांधा उघडून, दात्यांतून ब्रश फिरवून, धुऊन, पुसून ट्रेमध्ये ओळीनं मांडली आणि ट्रे खिडकीतून पलीकडे सरकवला. पलीकडे धाकटी होती. तिच्या कमरेला मामांच्या किल्ल्या लटकत होत्या.

धाकटीनं एकेक हत्यार भिंगाखाली धरलं. वर बघणं नाही. शेवटची लांब कात्री तिनं उघडली, मिटली, परत उघडली. मग खिडकी सरकवून कात्री थोरलीपुढे ठेवली.

"सांध्यात बघा," ती म्हणाली. "पुन्हा धुवा."

हे थोरलीचेच शब्द होते. पहिले सहा महिने तिनं हेच ऐकवून धाकटीला रडवलं होतं. आज मात्र मागे 'ताई' नव्हतं.

खिडकी बंद झाली. थोरलीचे कान तापले. राहिलं कसं काय? तिनं कात्री दिव्याखाली नेली, सांधा पूर्ण उघडला, या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. चष्मा पुसून बघितलं. नखानं खरवडून बघितलं.

काही नव्हतं. कात्री स्वच्छ होती. भिंगातून तर ती अजूनच स्वच्छ दिसली असणार.

थोरलीनं मान वर केली. काचेपलीकडे धाकटी पाठ करून उभी होती, मान ताठ, कानांच्या पाळ्या लाल. तिनं हे मुद्दाम केलं होतं. आणि ते आपण ओळखू हे तिला माहीत होतं, म्हणूनच ती वळत नव्हती.

चार वर्षांत पहिल्यांदा थोरलीला धाकटी आपल्यातली वाटली. छातीवरचं ओझं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं काहीतरी झालं, आणि मघाशी रोखून धरलेलं हसू भलत्याच वेळी ओठांवर आलं. तिनं ते आवरलं, गार पाण्याचा नळ सोडला, आणि ती स्वच्छ कात्री पहिल्यापासून धुवायला घेतली.